वारं लागू नये म्हणून

पौष शुद्ध पंचमी, बुधवार. नांदेड.

पोचले एकदाची. औशाहून लातूरला बैलगाडीनं, लातूरहून मोटारीनं. लोह्याला मोटार थांबली तिथं ड्रायव्हर चहा पीतच बसला. शेवटी मी खाली उतरून त्याला म्हणलं, बाबा, बाळंतीण तिकडं वाट बघून राहिली, तिचं लेकरू चालायला लागल्यावर सोडतो का मला? सगळी मोटार हसली. तोबी हसला अन् उठला.

ही वही रुद्राणीनं दिली, माझ्या भावाच्या पोरीनं. तिचं म्हणणं, आत्या, तू तिसरी शिकलीस, लिहायचं सोडलंस तर तेबी जाईल. परक्या गावात भांडायला कुणी न्हाई मिळालं तर वहीशी भांड म्हणे. तोंडाळ हाय पोरगी. माझ्यावर गेली.

घर बघून जीव खूश झाला. मी आजवर कितीतरी बाळंतपणं काढली, सगळी माळवदाच्या घरात. वरून माती गळती, धुरासाठी ठेवलेल्या भोकातनं मांजर पडतं, दाराखालच्या फटीतनं कुत्रं तोंड घालतं. हे घर तसं न्हाई. कोरं करकरीत. सिमेंटचं छत, शहाबादी फरशी, खिडक्यांना काचा. मालक वसंतराव कचेरीत पेशकार हायेत. लढाई सुरू व्हायच्या आधीच त्यांनी सिमेंट आणून ठेवलं होतं, अन् मिस्त्री हैदराबादचा बोलावला. माझं बोचकं खाली ठेवायच्या आत त्यांनी मला बाळंतिणीच्या खोलीचं दार लावून दाखवलं. फटीत पोस्टाचं कार्ड सरकवायला गेले, सरकलं न्हाई. असं हसले की जसं पोरगं त्यांनाच झालंय.

झाली मुलगी हाय. रविवारी झाली. वसंतरावांच्या आई चंद्रप्रभाबाई, त्यांनी नात झाली म्हणून गल्लीत साखर वाटली, हे मला आवडलं. बारक्या, गोऱ्या, एका कानानं कमी ऐकू येतं, गुडघे धरलेले. मला बघून पहिलं म्हणाल्या, हात दाखव. दाबून बघितले. म्हणाल्या, हाव, हे तेल जिरवणारे हात हायेत.

बाळंतीण सौदामिनी. लहानच हाय, अठराची असंल. माहेरी आई न्हाई म्हणून बाळंतपण सासरीच. मला लगेच मावशी म्हणायला लागली. पोरगी केसाळ अन् तांबडीलाल, रडती अशी की शेजारच्यांची गाय दावं ओढती. असंच पायजे.

जेवायला भाकरी, मेथीची भाजी, वर तूप. थंडी लई हाय. माझं अंथरूण बाळंतिणीच्याच खोलीत, बाजेच्या अलीकडं. ऊब हाय. बरं होणार दिसतंय सगळं.

पौष शुद्ध षष्ठी, गुरुवार.

काम धरलं. सकाळी दोघींना तेल, कढत पाणी, मंग शेक. बाजेखाली लोखंडी शेगडी असती, तिच्यात हणमंत गडी सकाळ-दुपार कोळसा भरतो. वर बाळंतशेपा अन् ओवा टाकायचा, धुरी द्यायची. हणमंत कामाला बरा हाय, पण कोळसा ओला आणतो अन् वर सांगतो की कोळसाच तसा येतो.

खोली आतल्या अंगाला. एक दार, एक खिडकी. खिडकीच्या काचेच्या कडेनं बारीक वारं यायचं, कोनाड्यातला दिवा हलायचा. ओल्या बाळंतिणीला वारं लागलं तर जन्मभर हाडं दुखतात, लेकराला लागलं तर ते वाकडं होतं, हे कुणालाबी माहीत हाय. सिमेंटचं घर बांधणाऱ्याला एवढं समजू नये? मी खळ शिजवली. कचेरीतले जुने उर्दू अखबार घेतले, पट्ट्या फाडल्या अन् खिडकीच्या चारी कडांना एकावर एक चिकटवल्या. त्याच्यावर चिंध्या ठोसल्या, परत कागद. काचेवरबी एक थर दिला, उन्हाची तिरीप लेकराच्या डोळ्यावर नको. चंद्रप्रभाबाईंनी कडेनं हात फिरवून बघितला. म्हणाल्या, गौरम्मा, मिस्त्रीचं राहिलेलं काम तू पुरं केलंस.

दिवा हलायचा थांबला. माझं काम मलाच बघत राहावं वाटलं.

दाराला एक खोड हाय. लाकूड नवं, खटका धरत न्हाई, हात काढला की दार आपोआप उघडतं. म्हणून बाहेरून कडी घालावी लागती. मला बाहेर जायचं असलं की लोट्यानं दार ठोकायचं, चंद्रप्रभाबाई येऊन उघडतात. आज मी जरा जास्तच ठोकलं. पाणी, मंग लंगोट वाळत घालायला, मंग हणमंताला शिव्या द्यायला. म्हातारी गुडघे धरत आली, म्हणाली, तुला दम म्हणून न्हाईच का गं? उठसूट ठोकतीस. आता ठोकून गप बसत जा, माझा हात रिकामा झाला की उघडंन.

बरं बाई. बसते गप.

पौष शुद्ध अष्टमी, शनिवार.

काल लिहिलं न्हाई. डोकं जड होतं. परवा संध्याकाळी पाटावर सटवीची पूजा मांडली होती, तिनं लेकराचं नशीब लिहावं म्हणून कोरा कागद ठेवायचा असतो. पेन्सल सापडंना तर माझीच नेली. सकाळी कागद उचलला तर तो ओलसर, लुळा पडलेला, न्हाव्याच्या फडक्यासारखा. पेन्सल कोरडी. चंद्रप्रभाबाई म्हणाल्या, लिहिलं तिनं, आपल्याला दिसत न्हाई एवढंच. मी म्हणलं, दव पडलं असंल. त्या म्हणाल्या, बंद खोलीत दव?

भिंतीबी ओल्या असतात सकाळी. हात लावला की घाम आल्यासारख्या.

आज कोळशाच्या पोत्यावर बसून हणमंतानं मला सांगितलं. ही वसंतरावांची दुसरी बायको. पहिली विनीता. मागच्या थंडीत याच खोलीत बाळंत झाली, घर तेव्हा नुकतंच पुरं झालेलं. सटवी झाली अन् पुढं दोन-चार दिवसांत एका सकाळी दार उघडलं तर दोघं मायलेक गेलेले. ताप न्हाई, आकडी न्हाई, ओरडणं न्हाई. झोपल्या जागी. हणमंत म्हणाला, गौराक्का, मी खांदा दिला, मी तोंड बघितलं. गाल असे गुलाबी की लग्नात नव्हते तसे. गावात म्हणतात तिला दुसरी कुणीतरी घेऊन गेली, आता ती दुसरीला न्यायला येती.

मी त्याला म्हणलं, मुडद्याचे गाल बघत बसतोस अन् कोळसा ओला आणतोस. भूत मला बघून औशापर्यंत पळंल.

पण हे मला येताना कुणी सांगितलं न्हाई. सांगायला पायजे होतं.

पौष शुद्ध नवमी, रविवार.

बिलकीसबी आली होती. सरकारी दवाखान्यात दाई हाय, हैदराबादला शिकलेली, पोरगी हिच्याच हातावर झाली. दार उघडून आत आली अन् नाकाला ओढणी लावली. म्हणाली, आपा, ये कमरा हाय का कोळशाची भट्टी? खिडकी कुणी बंद केली? मी म्हणलं, मी केली, अन् चांगली केली. तिनं नखानं पट्टी उचकटायला बघितली, उचकटली न्हाई. माझी खळ हाय ती.

मंग बसली अन् मला शिकवायला लागली, जशी मी पहिलीतली पोरगी. मी ऐकून घेतलं, हातानं लंगोट घड्या करत.

तिचं म्हणणं असं. छातीत दोन पिशव्या. पण पोकळ न्हाईत, आत द्राक्षाच्या घोसासारखे फुगे, डोळ्याला न दिसणारे. फुग्याची कातडी कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. पापुद्र्याच्या इकडं हवा, तिकडं रगत. चांगली हवा इकडून तिकडं जाती. अंगभर वापरून शिळी झालेली हवा तिकडून इकडं येती, ती आपण बाहेर सोडतो. दर श्वासाला ही अदलाबदल. झोपेतबी, पोटातल्या लेकराचीबी, आईच्या रगतातनं.

मी विचारलं, ढकलतं कोण? म्हणाली, कुणी न्हाई. जिथं जास्त असती तिथून जिथं कमी असती तिथं हवा आपोआप जाती. चांगलीबी तशीच, शिळीबी तशीच.

तिचा नवरा खाजामियाँ टेशनावर टांगा हाकतो. म्हणून तिला सगळ्यात टांगाच दिसतो. म्हणाली, रगत म्हणजे आमच्या मियाँचा टांगा. टेशनावर भरायचा, गावात उतरवायचा, गावातल्या सवाऱ्या घेऊन परत टेशनावर. आता तुमची खोली बंद. तिच्यात तुमचाच सोडलेला शिळा दम भरलाय, शेगडीचा वेगळा. टेशनावर पाय ठेवायला जागा न्हाई तर टांग्यातली सवारी उतरणार कुठं? तशीच परत गावात. अन् धुमसत्या कोळशाची एक हवा असती, ती तर हरामी. वास न्हाई, रंग न्हाई. टांग्यात चढली की उतरायचं नावच घेत न्हाई. चांगल्या सवारीला जागाच मिळत न्हाई. माणसाला दुखत न्हाई, खुपत न्हाई. झोप येती बस. वरून गाल गुलाबी दिसतात, लोक म्हणतात काय तब्येत सुधारली.

हे ऐकून माझा हात थांबला. पण मी म्हणलं, बी, टांगा तुमचा तुम्ही हाका, शेगडी माझी मी बघते. आमच्या सात पिढ्या बंद खोलीत बाळंत झाल्या. ती म्हणाली, आपा, त्या सात पिढ्यांच्या छताला भोक होतं.

चंद्रप्रभाबाई दारात होत्या. खिडकी उघडा म्हणल्यावर त्या हात जोडून म्हणाल्या, बाई, तू माझी नात सुखरूप काढलीस, तुझे उपकार हायेत, पण ओल्या बाळंतिणीला वारं लावायला सांगू नको. माझी एक सून गेली. मी तेव्हा जरा ढिली पडले, दार उघडं टाकलं असंल कुणी, म्हणून ती बाई आत शिरली. आता मी कडी काढणार न्हाई.

त्यांचे डोळे भरलेले. नाटक न्हवतं. म्हातारी खरंच भिऊन राहिली.

पौष शुद्ध एकादशी, मंगळवार.

सौदामिनी दूध पाजताना झोपती. हलवलं तर म्हणती, मावशी, थोडं राहू द्या.

आज मला म्हणाली, ती येती. मी म्हणलं, कोण? म्हणाली, नाव नका घेऊ. छातीवर बसती. जड न्हाई, ओल्या पासोडीसारखी. तोंड माझ्या तोंडापाशी आणती. मी सोडलेला श्वास ती घेती अन् तिचा मला देती. तिचा शिळा असतो, मावशी. रात्रीच्या झाकलेल्या भाताच्या पातेल्यासारखा. तरी मी घेते. वाईट वाटत न्हाई. ती मारत न्हाई, फक्त अदलाबदल करती.

मी म्हणलं, बिलकीसबी बोलली ते तू ऐकलंस ना, त्याचंच सपन पडलं. ती म्हणाली, त्या यायच्या आधीपासून येती. तुमच्याबी तोंडापाशी बसली होती काल. तुम्ही घोरत होता.

मी घोरत न्हाई.

पोरीला उचललं. गप पडून असती. रडत न्हाई पहिल्यासारखी. शेजारची गाय गप उभी असती.

पौष शुद्ध द्वादशी, बुधवार.

मी एक गोष्ट बघितली. अंगणात धुणं धुताना डोकं हलकं होतं. आत आलं की कानशिलं ठणकतात, मंग ठणकायचीबी थांबतात, मंग काहीच न्हाई. तीन वेळा आत-बाहेर करून बघितलं. तसंच.

दिवा कोनाड्यात हाय. तेल भरलेलं, वात नवी. तरी दुपारपर्यंत ज्योत गव्हाएवढी होती. दार उघडलं की उभी राहती. कडी लागली की परत बसती.

काचेवरचा कागद एका जागी ओला होऊन सुटला. तिथं काचेवर आतून वाफेचा गोल. हाताएवढा. बाजेवर उशाला डोकं ठेवून कुणी तोंड तिकडं केलं तर जिथं येईल तिथं. पण सौदामिनी भिंतीकडं तोंड करून झोपती. फडक्यानं पुसला. शेगडी फुंकून वळले तर परत.

जिथं जास्त तिथून कमी तिकडं, असं बिलकीसबी म्हणाली होती. मेलेल्या बाईकडं तर काहीच न्हाई. मंग आपलं सगळं तिच्याकडंच जाणार. कुणी ढकलायची गरज न्हाई.

असला विचार मी कधी करत न्हाई.

पौष शुद्ध त्रयोदशी, गुरुवार.

सकाळी सौदामिनीचे गाल गुलाबी. पोरीचे ओठबी. चंद्रप्रभाबाईंनी कडाकडा बोटं मोडली, म्हणाल्या, गौरम्मा, तुझ्या हाताला यश हाय, बघ कशी तजेलदार दिसती.

मला ओकारी आली. अंगणात जाऊन ओकले.

वसंतरावांना गाठलं, कचेरीला निघालेले. सरळ सांगितलं, ही खोली माणूस मारती, खिडकी फोडा. पहिली तशीच गेली. ते पांढरे पडले. मंग म्हणाले, बाई, या घरात मी सगळं घातलंय, अन् तुम्ही त्याला मसणवटा म्हणता? आईला विचारा. निघून गेले. छत्री विसरले, परत आले, माझ्याकडं न बघता घेऊन गेले.

खिडकीची पट्टी मी स्वतः ओढली. नखं गेली. माझी खळ. निघत न्हाई.

बाई म्हणाल्या, गौरम्मा, तुलाबी तिनं झपाटलं का? तूच दार उघडायला लागलीस? कडी घातली. मी ठोकलं. लई वेळानं उघडली.

हणमंताला सांगितलं. उद्या म्हातारी नवस फेडायला विष्णुपुरीला जाणार, महादेवाला. तो बैलांची दमणी हाकणार. वाटेत टेशनावर खाजामियाँला एवढंच सांग, बिलकीसबीला म्हण टांगा घेऊन ये. तो म्हणाला, गौराक्का, माझी नोकरी जाईल. मी म्हणलं, परत खांदा द्यायचाय का तुला? तो सांगतो म्हणाला.

चतुर्दशी सरून पौर्णिमा लागली, शुक्रवार. सकाळ.

गेल्या विष्णुपुरीला. जाताना कडी घातली. हणमंतानं शेगडी काठोकाठ भरली, बाईंनी भरायला लावली, दिवसभर पुरावी म्हणून.

सौदामिनी उठंना. थापट मारली. डोळे उघडून हसली. पोरगी—श्वास बारीक. बोट नाकापाशी धरून बसले. हाय. हाय अजून.

दार ठोकून राहिले. घरात कुणी न्हाई, तरी ठोकते. हात गार. माझे हात माझे वाटत न्हाईत. भ्यायला पायजे. भ्या वाटत न्हाई, ते बरं न्हाई—

दुपार.

बिलकीसबी आली. कडी काढली. दोघींनी मिळून सौदामिनीला ओढत अंगणात आणली. फरशीवर टाचांचे दोन ओरखडे उठले. पोरीला बिलकीसबीनं पालथं धरून पाठ चोळली, मंग उताणं करून तोंडात फुंकलं. स्वतःचा दम दिला. एक, परत एक.

पोरगी रडली. पहिल्या दिवसासारखी. गायीनं दावं ओढलं.

सौदामिनी ओकली, मंग म्हणाली, मावशी, डोकं फुटतंय. दुखतंय म्हणल्यावर मला बरं वाटलं. दुखायला लागलं म्हणजे परत आली.

टांग्यात घातलं दोघींना, दवाखान्यात न्यायला. उघड्या टांग्यात, पौषाच्या वाऱ्यात. मी स्वतः. खाजामियाँनं आपली शाल काढून दिली.

पोरीचं दुपटं अन् ही वही आत राहिली. शेगडीबी विझवायची, बाजेखाली हाय, पेटंल घर. बिलकीसबी म्हणाली, आपा, तू नको जाऊ आत, कुणालातरी पाठवते. मी म्हणलं, मला कुणाची वाट बघायची सवय न्हाई. तुम्ही व्हा पुढं. मी आले पायी.

नंतर.

दुपटं घेतलं. वही घेतली. शेगडी ओढायला वाकले अन् बसलेच खाली. पाय आले न्हाईत. पाण्याची घागर अंगणात. आणते. जरा बसून.

दार हातभर उघडं हाय. तिथून वारं येतं पायाला. गोड लागतं. उठते.

लिहिलं की जागी राहते म्हणून लिहिते.

दमणी वाजली. बैल लंगडला वाटतं, अर्ध्या वाटेतनं परत. बाईंचा आवाज, हणमंताला बोलून राहिल्या. आता येतील. सांगते त्यांना, नात रडली म्हणून. खूश होतील.

दारात आल्या. मी अलीकडं भिंतीला टेकून, अंधारात. मी हाक मारली, पण आवाज बारीक निघाला, त्यांच्या कानाला पोचला न्हाई. माझ्याकडं त्यांनी बघितलंच न्हाई. बाजेकडं बघितलं. लई मायेनं बघितलं. हळूच म्हणाल्या, झोप माय, झोप. कुणी गं दार उघडं टाकलं, वारं लागंल ना लेकराला.

दार ओढलं. कडी घातली.

बाज तर रिकामी हाय. मी माझ्या हातानं उठवलं दोघींना—

ठोकलं. लोटा उचलला, दारापाशी नेला, एकदा ठोकलं. परत ठोकायला हात वर गेला न्हाई. लोटा गडगडत गेला बाजेखाली. बाहेरून बाईंचा आवाज. आले गं, तुला दम न्हाईच, गुडघ्याला तेल लावून येते.

बसते गप. त्यांनी सांगितलंय तसं.

ज्योत गव्हाएवढी. मंग तिळाएवढी.

बाजेवर श्वास चाललाय. मी धरून बघितला माझा—मी थांबले तरी तो चाललाय. घेती. सोडती. सोडलेला माझ्याकडं येतो. झाकलेल्या भातासारखा. खरं सांगत होती पोरगी. वाईट वाटत न्हाई.

दोघी सुटल्या तर दोघींच्या बदल्यात एक. मी म्हातारी. लई महाग न्हाई पडलं.

माझ्यात थोडं हाय अजून. तिच्यात काहीच न्हाई. जिथं जास्त तिथून—

तेल लावून झालं असंल आता बाईंचं

बाज करकरली. ती सरकली, भिंतीकडं. जागा केली. हातानं गादी थोपटून राहिली, म्हणती, मावशी, वर या, खाली फरशी गार